मानेचं हाड

तोतुगुल आणि केरेझ अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि कारण होतं एक हाड.

शहरातल्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. आमच्या तेरेक-बुलाकमध्ये कुणी हसत नाही. जेवणावळीत आपल्या वाडग्यात मांसासकट कुठलं हाड येतं, त्यावरून त्या घरात आपण कोण आहोत ते कळतं. त्या दिवशी केरेझच्या थोरल्याच्या सुंतेचं जेवण होतं. अंगणात तीन तंबू उभारलेले, अख्खं गाव लोटलेलं. तोतुगुल त्यासाठी राजधानीहून, बिश्केकहून आली होती. नवऱ्यापासून वेगळं होऊन तिला सहा महिने झाले होते आणि त्यानंतर गावातल्या चारचौघांत ती पहिल्यांदाच बसत होती. आम्ही शाळेतल्या मैत्रिणी तिला मध्ये घेऊन बसलो. वाडगे आले. सरपंचाच्या बायकोला मोठं हाड, मला बऱ्यापैकी, आणि तोतुगुलच्या पुढ्यात मानेचं हाड. मानाच्या पाहुणीला मानेचं हाड! आमच्याकडे ते पाहुण्याला कुणी देत नाही. कढईपाशी राबणाऱ्या पोरी ते चोखत बसतात.

तोतुगुल वाडग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कळली हो. नवरा सोडलेल्या बाईची जागा कळली." दुआ व्हायच्या आधीच ती उठली, पर्स घेतली आणि रस्त्यावर जाऊन गाडीची वाट बघत उभी राहिली.

केरेझ तेव्हा आत होती. तिला कळलं ते एवढंच, की जिवलग मैत्रीण तिच्या पोराच्या दुआलाही थांबली नाही, अन्नाला हात न लावता गेली. मी तिला हाडाचं सांगितलं तर ती उसळली. "मानेचं? मी माझ्या हातानं तिच्यासाठी कमरेचं मोठं हाड काढून ठेवलं होतं. खोटं बोलते ती!" हे मी तोतुगुलला फोनवर सांगितलं. "म्हणजे मी आता खोटारडी पण झाले," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मानेचं हाड मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. केरेझ खोटं बोलत नाही, हेही मला माहीत होतं. दोन वर्षं मी दोघींमध्ये निरोप पोचवले, मग दमले आणि सोडून दिलं. पहिलीपासून अकरावीपर्यंत दोघी एका बाकावर बसल्या होत्या.

मी जानिल. त्या वर्गाची मी मॉनिटर होते, आणि तीस वर्षं झाली तरी ते पद माझ्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही. त्याच शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते. ज्या फळ्याकडे बघून झोपा काढल्या त्याच फळ्यापुढे उभी राहून आता मुलांना झोपू नका म्हणते.

आमच्या शाळेत दर जूनला माजी विद्यार्थ्यांचे व्हॉलीबॉलचे सामने होतात. ज्या साली शाळा सुटली त्या सालाची टीम. आम्ही पंच्याण्णव. ज्या टीमला तीस वर्षं पूर्ण होतात तिनं त्या वर्षी यजमान व्हायचं, म्हणजे सगळ्यांना जेवू घालायचं आणि न चुकता मैदानात उतरायचं. यंदा पाळी आमची होती. टीममध्ये दोन बायका हव्यातच असा नियम. केरेझ एक. दुसरी मी झाले असते, पण माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते. बाकीच्यांपैकी एक तुर्कस्तानात, एक मॉस्कोत, एक नुकतीच आजी झालेली, आणि एकीचं वजन ती आम्हाला सांगत नाही.

राहता राहिली तोतुगुल. शाळेत असताना तिच्यासारखा चेंडू उडवून देणारी अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. ती चेंडू वर द्यायची, केरेझ उडी मारून तो पलीकडे आपटायची, आणि समोरच्या पोरी डोकं झाकून घ्यायच्या.

मी फोन लावला. तोतुगुलचा बिश्केकमध्ये शिवणकामाचा कारखाना आहे. बारा बाया तिच्याकडे कामाला.

"तोतुगुल, टीमचे शर्ट शिवून देशील?"

"किती?"

"सहा. त्यातला एक तुझ्या मापाचा."

पलीकडे मशिनींचा घरघराट ऐकू येत राहिला. "ती खेळणार आहे?"

"कोण?"

"जानिल, वेड पांघरू नकोस."

"खेळणार आहे."

"मग मी नाही."

"बरं. सत्त्याण्णववाले म्हणतच होते, पंच्याण्णवच्या बायका आता कणीक तिंबण्यापुरत्याच उरल्यात."

"कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. "जाऊ दे ना," मी म्हणाले.

"ती गुल्जामाल म्हणाली असेल. पाचवीत माझ्या वेण्या ओढायची ती! किती तारखेला आहे?"

ती आली. मेदेरबेकच्या गाडीतून आली. मेदेर आमच्याच वर्गातला. गावातून बिश्केकला आणि बिश्केकहून गावात तो सतरा सिटांची गाडी चालवतो. तोतुगुलची कापडाची गाठोडी, तिच्या आईची औषधं, लोणच्याच्या बरण्या, सगळं तो इतकी वर्षं ने-आण करत होता, आणि तिच्याकडून भाडं म्हणून कधी घेत नव्हता. गावात त्यावरून थोडी कुजबुज होती. मेदेरच्या बायकोला तर ती कुजबुज नको तितकी ऐकू आली होती.

गाडीतून उतरल्या उतरल्या तोतुगुलनं मला मिठी मारली, मागे सरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू म्हातारी झालीस."

"तू केस रंगवतेस."

"दिसतं का?"

"मला दिसतं. बाकीच्यांना चष्मे लागलेत."

शर्ट गडद निळे होते, पाठीवर पिवळ्या दोऱ्यानं ९५ भरलेलं. टीमला शर्ट वाटले. दोओलोत शाळेत सगळ्यात उनाड होता, एकदा मुख्याध्यापकांच्या खोलीत बोकड कोंडून आला होता. आता तो गावच्या मशिदीत नमाज पढवतो. त्यानं दाढी सावरून शर्ट घातला आणि विचारलं, "बाह्या एवढ्याच का?" आसान आणि उसोन हे जुळे भाऊ. दोघेही गावातले गवंडी, दोघांचेही खांदे वरून गाडी जाईल असे. ते सहसा बोलत नाहीत, आणि एक बोलला तर वाक्य दुसरा पुरं करतो. मेदेर होता. आणि केरेझ. तिनं माझ्या हातून शर्ट घेतला, शिवण उलटून पाहिली आणि माझ्याकडेच बघत म्हणाली, "शिवण चांगली आहे म्हणावं."

तोतुगुल तीन पावलांवर उभी होती.

"ती म्हणते शिवण चांगली आहे," मी सांगितलं.

"ऐकलं मी," तोतुगुल म्हणाली.

पहिला सामना सत्त्याण्णवशीच लागला. पंच म्हणून आमचे जुने खेळाचे सर, वय पंच्याहत्तर, गळ्यात तीच शिट्टी. मैदानाच्या कडेनं गाव बसलेलं, पोरं भिंतीवर, म्हाताऱ्या सतरंज्यांवर चहाच्या किटल्या घेऊन. माझा नवरा एक्याण्णवचा. तो समोरच्या बाजूला बसून सत्त्याण्णवसाठी टाळ्या वाजवत होता, कारण पुढे त्यांच्याशी खेळणं त्याला सोपं गेलं असतं. घरी गेल्यावर बघते, असं मी त्याला खुणेनं सांगितलं.

पहिला डाव आम्ही पंचवीस-चौदा असा हरलो. का हरलो ते भिंतीवरच्या पोरांनाही कळत होतं. तोतुगुलचे हात तसेच होते. चेंडू तिच्या बोटांवर आला की मऊ व्हायचा आणि हवा तिथे जाऊन थांबायचा. फक्त तो केरेझकडे जात नव्हता. केरेझ नेटपाशी हात वर करून उभी, आणि चेंडू जायचा जुळ्यांकडे, दोओलोतकडे. एकदा तर कोपऱ्यात गेला, तिथे कुणीच नव्हतं.

दुसरा डाव सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना गोळा केलं.

"तोतुगुल, केरेझ तिकडे उभी असते. दिसते ना?"

"दिसते."

"मग?"

"मला वाटलं, तिला चेंडू दिला तरी ती म्हणेल दिलाच नाही."

केरेझ गर्रकन वळली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती थेट तिच्याकडे बघून बोलली. "मी खोटं बोलत नाही! मोठं हाड काढून मी निळ्या काठाच्या वाडग्यात ठेवलं होतं. तुझ्यासाठी. माझ्या सासूनं बघितलंय."

"आणि माझ्यापुढे मानेचं आलं. जानिलनं बघितलंय."

"बघितलंय," मी म्हणाले, "पण आत्ता चेंडूचं बोला—"

"निळ्या काठाचा?" तोतुगुल मध्येच थांबली. "माझा वाडगा पांढरा होता. साधा पांढरा."

तेवढ्यात मेदेर खोकला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला होता, आणि त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

वर्गात पंचवीस वर्षं चोर पकडून माझं नाक तयार झालंय. "मेदेर," मी म्हणाले, "त्या दिवशी बायकांच्या तंबूत वाडगे कोण नेत होतं?"

"बरेच जण होते."

"मेदेर!"

तो उभा राहिला. चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता. "मी खाल्लं," तो म्हणाला.

"काय?"

"हाड. निळ्या वाडग्यातलं." मग त्याला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. "पहाटे चारला निघालो होतो ग! पोटात चहाशिवाय काही नाही. वाडगा कोपऱ्यात वेगळा ठेवलेला. मला वाटलं उरलंसुरलं असेल. कढईच्या मागे बसलो आणि खाल्लं. मग हिची सासू आली, म्हणाली, तोतुगुलचा वाडगा नेलास का रे? मी म्हटलं, नेतोच आहे. दुसरा वाडगा घेतला, कढईत हात घातला, जे लागलं ते—"

"जे लागलं ते!" केरेझ ओरडली.

"दुसऱ्या दिवशी सांगणारच होतो. पण तुम्ही दोघी एवढ्या पेटला होतात की माझी जीभच उचलेना. मग वर्ष झालं. वर्षानंतर माणूस कसं सांगणार, सांगा बघू?"

दोओलोतनं डोळे मिटले. "दर शुक्रवारी तू माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसतोस, मेदेर."

"म्हणूनच बसतो."

"चांगलं होतं का?" आसाननं विचारलं.

"मांस," उसोन म्हणाला.

"होतं," मेदेर मान खाली घालून म्हणाला.

तोतुगुलच्या डोक्यात आता दुसरंच चक्र फिरत होतं. "म्हणजे, म्हणून तू अकरा वर्षं माझी गाठोडी फुकट वाहतोस?"

"हो."

"आणि मी समजत होते—"

"काय समजत होतीस?" जुळ्यांनी एकदम विचारलं.

"काही नाही."

"माझी बायको पण तेच समजते," मेदेर काकुळतीला येऊन म्हणाला. "तिला आज तुम्हीच सांगा!"

केरेझ मटकन मातीत बसली आणि हसायला लागली. तिचं हसणं असं की आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. थोड्या वेळानं खांदे वेगळेच हलायला लागले. तोतुगुलनं हातातला चेंडू मेदेरच्या पोटात मारला, जोरात, आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू मला फोन का नाही केलास?"

"तू का नाही केलास?" केरेझ नाक पुसत म्हणाली.

सरांची शिट्टी वाजली. "पंच्याण्णव! खेळायचंय की वर्ग भरवलाय?"

तोतुगुलनं हात पुढे केला. "ऊठ. नेटपाशी जा. उंच देऊ की जवळ?"

"उंच," केरेझ म्हणाली. "अजून उंचच लागतो मला."

दुसरा डाव मी बसून पाहिलाच नाही. गुडघा विसरून उड्या मारत होते. सत्तेचाळीस वर्षांची केरेझ, जिल्हा रुग्णालयातली सुईण, हवेत जात होती आणि सत्त्याण्णवची पोरं, तीही पंचेचाळिशीची म्हणा, डोकं झाकत होती. पंचवीस-एकोणीस. तिसरा डाव पंधराचा. अकरा-नऊ आम्ही पुढे होतो, तेव्हा केरेझचा फोन वाजला. फोन माझ्याकडे होता. वर कुरणावरून एका म्हातारीचा आवाज: सुनेला कळा सुरू झाल्यात, दिवस भरायला तीन आठवडे आहेत, रुग्णवाहिका दुसऱ्या खोऱ्यात गेलीय.

केरेझनं फोन ऐकला आणि पाणी प्यायला थांबावं तितक्या सहज ती मैदानाबाहेर आली. "मेदेर, गाडी काढ."

"अकरा-नऊ आहे!" तोतुगुल म्हणाली.

"पोराला कुणी सांगायचं अकरा-नऊ आहे म्हणून?"

पलीकडून गुल्जामाल ओरडली, "जा तुम्ही! आम्ही थांबतो." तिच्याबद्दल उगाच एक खोटं बोलले, याची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

मेदेर, केरेझ, मी आणि तोतुगुल असे निघालो. तोतुगुलला कुणी बोलावलं नव्हतं, ती चढून बसली. बारा किलोमीटर, पण चढाचे. ओढा तीनदा ओलांडायचा. सतरा सिटांच्या गाडीत आम्ही चौघं इकडून तिकडे आपटत होतो, आणि त्या आपटण्यात अकरा वर्षांचं बोलणं चाललं होतं.

"तुझी आयपेरी किती मोठी झाली?" केरेझनं विचारलं.

"एकोणीस. दातांचं शिकतेय. मला वाटलं तुला जानिलनं सांगितलं असेल."

"सांगितलं. पण मला ऐकायचंच नाही असं दाखवायचे."

"मी पण. तुझ्या पोराचे फोटो जानिलच्या फोनवर बघायची, आणि जानिलला म्हणायची, तुझ्या बागेचे दाखव."

"खरंच माझ्या बागेत काय बघायला होतं?" मी म्हणाले. "चार मुळे."

कुरणावरच्या तंबूतली ती सून विशीचीही नव्हती, घाबरून पांढरी पडलेली. केरेझ आत शिरली आणि तिचा आवाजच बदलला. खालच्या पट्टीत, सावकाश, झोपलेल्या मुलाला कुशीवर वळवावं तसा. सासूला बाहेर चहाला पिटाळलं. मला पाणी तापवायला लावलं. "तोतुगुल, हिच्या मागे बस. खांदे धर. ती ढकलेल तेव्हा तू मागे सरकायचं नाही." तोतुगुल बसली. शाळेत बेडूक चिरायचा तास आला की केरेझ चक्कर येऊन पडायची आणि तोतुगुल तिला वारा घालायची. आता केरेझचे हात चालले होते आणि तोतुगुलच्या कपाळावर घाम होता.

तासाभरात मुलगी झाली. छोटीशी, चिडलेली. केरेझनं तिला पालथी-उताणी करून तपासलं, कान लावून श्वास ऐकला आणि आईच्या छातीवर ठेवली. "वजन कमी आहे, आवाज भरपूर आहे. चालेल." खालून रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही थांबलो. म्हातारीनं आम्हाला कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, पाजलं. मेदेर ते पिऊन बाहेर गवतावर आडवा झाला, जणू मोठं काम त्यानंच केलं होतं.

उतरताना गाडी हळू चालली होती. केरेझ खिडकीला डोकं टेकवून म्हणाली, "मी अर्ज भरलाय. तुर्कस्तानचा. तिथे म्हाताऱ्या बायकांना सांभाळायचं काम. वहिनी बोलावतेय."

मला हे माहीत नव्हतं. मी, मॉनिटर, आणि मला माहीत नव्हतं! "इथलं काय?" मी विचारलं.

"चोवीस वर्षं झाली, जानिल. दोन नव्या पोरी आल्या होत्या, दोघी सहा महिन्यांत शहरात गेल्या. आठवड्याला तीन रात्री मी घरात नसते. नवरा जनावरांबरोबर वर, पोरगा फोनबरोबर खोलीत. कधीकधी वाटतं, एखादी म्हातारी नुसती बसलेली असावी, मी तिला सूप द्यावं, आणि तिनं कुणाला जन्म देऊ नये."

आम्ही हसलो. तोतुगुल हसली नाही. "तीन महिने जाऊन ये," ती म्हणाली. "बिनपगारी रजा टाक. मी बिश्केकला गेले तेव्हा पहिलं वर्ष मशिनीवर डोकं ठेवून झोपायची. रोज ठरवायची, उद्या परत जाते. कुणी मला म्हणालं असतं ना, की तीन महिने बघ आणि नाही जमलं तर ये, कुणी हसणार नाही, तर निम्मं रडू वाचलं असतं. तू जा. नाही जमलं तर ये. मी हसणार नाही."

केरेझचा हात सीटवरून सरकत जाऊन तोतुगुलच्या बाहीवर थांबला, शिवण चाचपल्यासारखा.

थोडं पुढे गेल्यावर तोतुगुल म्हणाली, "माझं पण एक आहे."

"बोल की."

"मेदेर ऐकतोय."

"मेदेरनं आता आयुष्यभर गप्प राहायचंय," मी म्हणाले. समोरच्या आरशात मेदेरनं मान हलवली.

"एक माणूस आहे. शेरगाझी. माझ्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करायला येतो. बायको वारून सहा वर्षं झाली. विचारतोय."

गाडी एका दगडावरून गेली आणि आम्ही तिघी छताला लागलो.

"काय विचारतोय?" केरेझ.

"मशिनीला तेल घालू का असं विचारतोय! काय विचारणार?"

"कुठला?"

"तलासचा."

"तलासचा म्हणजे रोज राजमा, दुसरं पिकतच नाही तिकडे," मेदेर पुढून म्हणाला, आणि तिघींनी एकदम त्याला गप्प केलं.

"केस आहेत का?" मी विचारलं.

"बाजूनं आहेत."

"आयपेरी काय म्हणते?"

"ती म्हणते, मम्मी, मशीन एवढी बिघडते तर नवी घे, नाहीतर त्या काकांना तरी घरी आण." तोतुगुल खिडकीबाहेर बघत होती. "मला वाटलं होतं, आता हे सगळं झालं. कारखाना आहे, मुलगी आहे, बस. एकदा पोळलं तेवढं पुरे. आणि आता या वयात सकाळी उठून आरशात बघते. लाज वाटते ग."

केरेझ सरळ होऊन बसली. चेहऱ्यावर तेच भाव, मघाचे, तंबूतले. "आम्ही बघायला येणार," ती म्हणाली.

"काय बघायला?"

"मुलगा. पहिल्या वेळी आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तू चिठ्ठी लिहून पळून गेलीस, आणि काय हाती लागलं ते बघितलंस. या वेळी आम्ही आधी बघणार."

खाली पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सत्त्याण्णववाले खरंच थांबले होते. जेवून, चहा पिऊन, नेटच्या सावलीत गप्पा मारत. सरांनी शिट्टी फुंकली, "अकरा-नऊ!" आणि आम्ही पुन्हा उभे राहिलो. त्या लोकांची विश्रांती झाली होती, आमच्या पोटात कुमिस हलत होतं. पंधरा-बारानं हरलो. केरेझनं शेवटचा चेंडू नेटमध्ये मारला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा हसल्या की कुणीतरी विचारलं, जिंकलं कोण? मेदेरच्या बायकोला मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे एका हाडापायी हा माणूस अकरा वर्षं भाड्याच्या जागा अडवून गाठोडी आणत होता?" तिला आधीची शंकाच बरी वाटली असावी.

दहा दिवसांनी आम्ही बिश्केकला गेलो. मेदेर चालवत होता, केरेझनं मोठ्या मुश्किलीनं रविवार मोकळा काढला होता, आणि मी घरून निघताना नवऱ्याला सांगितलं होतं की मुलगा बघायला चालले. "कुणाचा?" त्यानं विचारलं. "कळेल," मी म्हणाले.

तोतुगुलच्या घरी दार शेरगाझीनंच उघडलं. उंच, थोडा वाकलेला, बाजूनं केस. दोन्ही हात पिठानं माखलेले. "माफ करा," तो म्हणाला, "हात मिळवता येत नाही." तो रश्श्यात घालायच्या शेवया हातानं ओढत होता. आयपेरी मागून आली, आमच्या कानात पुटपुटली, "सकाळी सहापासून ओढतायत. तीन वेळा फेकून दिल्या."

आम्ही त्याला बसवलं आणि विचारायचं ते विचारलं. केरेझ रक्तदाबापासून सुरू झाली. मी दारूचं विचारलं. मेदेरनं विचारलं, गाडी येते का चालवायला, आणि गिअर कसे बदलता. तो सगळ्यांची उत्तरं शहाण्या विद्यार्थ्यासारखी देत होता, मध्येच ओट्याकडे बघत होता, कारण पाणी उकळत होतं.

"तोतुगुलचं काय आवडलं?" मी विचारलं.

तो बराच वेळ पीठ चोळत राहिला. "एकदा मी चुकीचा पट्टा बसवला. दोन दिवसांचं काम बुडालं. ती आली आणि म्हणाली, जेवलात का? आधी जेवा, मग ओरडते." तो हसला. "जेवल्यावर खरंच ओरडली. बारा बायांसमोर."

शेवया जाड झाल्या होत्या, रस्सा मात्र झकास होता. मेदेरनं दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर तोतुगुलनं आम्हा दोघींना बाल्कनीत ओढलं आणि दार लावून घेतलं. खाली रस्त्यावर टरबुजांच्या गाड्या उभ्या होत्या. कारखाना चालवणारी बाई दाराला पाठ लावून उभी राहिली. "बोला लवकर. रक्तदाबाचं काय ते?"

केरेझनं पर्समधून छोटी डायरी काढली, ड्युटीची. चष्मा लावला, पानं उलटली. जुलै ओलांडला, ऑगस्ट उघडला, बोट खाली खाली आणत एका ओळीवर थांबवलं.

"तिसरा रविवार," ती म्हणाली. "तुर्कस्तानला मी सप्टेंबरात जाईन. त्या रविवारी मी मोकळी आहे, आणि हॉलला आत्ताच फोन करा, ऑगस्टमध्ये मिळत नाहीत."